हातात असलेल्या पुस्तकाविषयी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘सध्या काय वाचता आणि पुढे काय वाचणार’ या प्रश्नावर गेले काही आठवडे वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत आहेत. ती सर्व पत्रे मी कात्रणे काढून जपून ठेवली आहेत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला नवे पुस्तक बहुतेक वेळा दुसऱ्या वाचकाच्या शब्दावरूनच निवडावे लागते. बडोद्यात मराठी बोलणारी घरे पुष्कळ आहेत, परंतु दुकानात उभे राहून मराठी पुस्तके चाळावीत, चार पाने वाचावीत आणि मग घ्यायचे की नाही ते ठरवावे, अशी सोय फार थोडी आहे. आम्ही पुण्यामुंबईहून पुस्तक मागवतो, ते टपालाने येते, आणि पाकीट फोडल्यावरच त्याची आमची पहिली भेट होते. म्हणून आपल्याकडची ही पत्रे मी हातात पेन्सिल घेऊन वाचते, आणि त्यांच्याविषयी एक तक्रार व एक विनंती आपल्यापुढे ठेवावी असे मनापासून वाटल्याने हे लिहीत आहे.

तक्रार अशी की बहुतेक पत्रांत पुस्तकांची नावे पाच-सात असतात आणि प्रत्येक नावापुढे ‘अप्रतिम’, ‘संग्राह्य’, ‘प्रत्येक मराठी माणसाने वाचावे असे’ यांपैकी एक शिफारस असते. लिहिणाऱ्याने ते पुस्तक कुठवर वाचले आहे, कोणत्या पानावर तो थांबला, कशाने खिळून राहिला, कुठे कंटाळला, प्रत कोणत्या आवृत्तीची आहे, अनुवाद असल्यास तो कोणाचा, यातले काहीही त्यात नसते. पुढच्या वाचनाचा संकल्प सांगताना तर दहा-दहा ग्रंथांची यादी येते आणि त्यातले पहिले कोणते व का, हे कळत नाही. अशा पत्रावरून मला पुस्तक निवडता येत नाही. लिहिणाऱ्याची आवड थोर आहे एवढेच समजते, आणि ती माहिती मला उपयोगाची नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की वाचून संपवलेल्या पुस्तकाच्या स्तुतीपेक्षा अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाविषयीचे मत दुसऱ्या वाचकाला अधिक उपयोगी पडते. पुस्तक संपले की त्याच्या लौकिकाची छाया आपल्या मतावर पडते. त्याला मिळालेला पुरस्कार, त्याच्याविषयी इतरांनी लिहिलेले लेख, आपण ते पूर्ण केले याचे समाधान, हे सगळे मिसळून जे मत तयार होते ते आपले कमी आणि चारचौघांचे अधिक असते. याउलट एकशे चाळिसाव्या पानावर खूण घालून उठलेल्या माणसाला पुस्तकाचा शेवट ठाऊक नसतो, आणि म्हणून तो जे सांगतो ते त्याने त्या पानापर्यंत खरोखर अनुभवलेले असते.

हे मी केवळ तर्काने म्हणत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्याला ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्या तीन दिवसांत आम्ही ओळखीच्या काही जणांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पुस्तके घेतली, आणि ती घरी नेऊन नुसती कपाटात लागू नयेत म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकत्र बसायचे ठरवले. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आम्ही अकरा जण बसतो. आमची एक वही आहे, खाकी कागदाचे वेष्टण घातलेली, आणि तिच्यात सुरुवातीपासून तीन रकाने आहेत: ‘हातात’, ‘कुठवर’ आणि ‘पुढे’. दुसऱ्या वर्षी त्यात चौथा रकाना घातला, ‘सुटले’. नियम एकच आहे. ज्याची पाळी असेल त्याने आपण जिथे पोहोचलो आहोत त्या पानावरचा एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि मग बोलायचे. मी एकतीस वर्षे हिशेबाच्या खात्यात काढली, त्यामुळे वही लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, आणि आपल्या पुरवणीतल्या पत्रांत मला काय उणे वाटते ते या वहीमुळेच मला नेमके सांगता येते.

आमच्यातल्या एका बाईंची सून गुजराती माध्यमात शिकलेली आहे. देवनागरी तिला हिंदीमुळे येते, घरात बोलणे मराठीतच असते, परंतु छापील मराठी सलग वाचण्याची सवय तिला नव्हती. तिने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचायला घेतली. रोज रात्री चार पाने ती सासूबाईंना वाचून दाखवते. पहिल्या बैठकीत तिने वडिलांच्या सोवळ्याचा भाग वाचून दाखवला तेव्हा ती अडखळत होती, आणि तरीही सगळी माडी हसत होती, कारण लक्ष्मीबाईंचे वाक्य बोलल्यासारखे आहे आणि बोलणाऱ्याला ते आपोआप सापडते. तिसऱ्या बैठकीत ती म्हणाली की मला टिळकांचा, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या पतीचा, फार राग येतो, आणि लक्ष्मीबाईंना तो का येत नाही हे कळत नाही. वहीत मी ते तसेच लिहून घेतले. आणखी दोन महिन्यांनी तीच म्हणाली, “राग त्यांनाही आलेला आहे, त्यांनी तो हसण्याखाली झाकून ठेवला आहे, मला आधी दिसला नाही.” हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. त्याच्याविषयी मी आजवर बरेच लेख वाचले आहेत, परंतु या मुलीच्या दोन नोंदींमधले अंतर मला कुठल्याही लेखात भेटले नव्हते. पुस्तक संपल्यावर तिने पत्र लिहिले असते तर त्यात दुसरे वाक्य आले असते आणि पहिले गळाले असते.

दुसरे उदाहरण आवृत्तीचे आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आमच्यापैकी दोघांच्या हातात एकाच वेळी होता. वरसईचा हा भिक्षुक कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघतो आणि बंडाच्या धुमश्चक्रीत सापडतो, झाशीचा वेढा प्रत्यक्ष पाहतो. एकाने वाचून दाखवलेला परिच्छेद दुसऱ्याला आपल्या प्रतीत त्या रूपात सापडेना. शोध घेतल्यावर उलगडा झाला. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रसिद्ध करताना मजकुरावर बराच संस्कार केला होता, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापला. म्हणजे दोघेही ‘माझा प्रवास’च वाचत होते, आणि तरीही ते दोन निराळे विष्णुभट होते. पुढचे दोन महिने त्यांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या. आपल्या पुरवणीतल्या एका पत्रातही या पुस्तकाचे नाव होते, पण कोणती प्रत वाचली याचा उल्लेख नव्हता, आणि मला त्या वाचकाला विचारायचे राहून गेले.

आता जे सांगायचे आहे ते थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी. आमच्यातले एक गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, कमी बोलतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींचा मराठी अनुवाद त्यांच्या हातात होता. पुस्तिका एका बैठकीत संपेल एवढीच आहे, परंतु त्यांच्या नावापुढे ‘कुठवर’च्या रकान्यात लागोपाठ दोन महिने ‘दुसरे प्रकरण’ एवढीच नोंद होती. दुसरे प्रकरण बडोद्याचे आहे. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली इथे नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना, आणि एका पारशी उतारागृहात खोटे पारशी नाव सांगून ते राहिले. त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर दुसरे कोणीही नव्हते, अडगळीने भरलेले दालन होते, कंदिलाचा अपुरा उजेड होता, आणि सोबतीला माणूस नाही म्हणून ते पुस्तके वाचत बसत. वाचनात गुंतले की एकटेपणाचा विसर पडे, पण दालनात वटवाघळे फिरत आणि त्यांच्या आवाजाने ते दचकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी येऊन त्यांना तिथून बाहेर काढले. त्यानंतर मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून राहिले.

त्या गृहस्थांनी हा वटवाघळांचा परिच्छेद वाचला आणि पुस्तक मिटले. ते म्हणाले, “मी या गावात जन्मलो, सयाजीबागेत खेळलो, माझ्या मुलांना तिथे खेळवले, आणि हे मी सत्तराव्या वर्षी वाचतो आहे. पुढचे प्रकरण घ्यायला मन होत नाही.” कोणीच काही बोलले नाही. मंडळातल्या बहुतेकांनी हे प्रकरण वाचलेले नव्हते, मीही वाचलेले नव्हते, आणि ही गोष्ट मला इथे कबूल केली पाहिजे. पुढच्या महिन्यात आमच्यापैकी सहा जणांच्या ‘पुढे’ रकान्यात तेच नाव होते. त्या गृहस्थांनी पुस्तक ‘अप्रतिम’ आहे असे म्हटले असते तर एकाच्याही रकान्यात ते आले नसते, अशी माझी खात्री आहे. ते दुसऱ्या प्रकरणाशी अडले होते, आणि त्यांच्या त्या अडण्यामुळे पुस्तक आमच्यापर्यंत पोहोचले.

‘सुटले’ या रकान्याविषयीही लिहिले पाहिजे, कारण आपल्या पुरवणीत आजवर एकाही वाचकाने अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल लिहिलेले नाही. जणू मराठी वाचक हाती घेतलेले प्रत्येक पुस्तक तडीस नेतो. मी स्वतः एक गाजलेली अनुवादित कादंबरी नव्वदाव्या पानावर सोडली. गोष्ट चांगली होती, पण अनुवादातली वाक्ये मराठी माणूस कधी बोलणार नाही अशी होती, आणि प्रत्येक वाक्य मनात पुन्हा उलथून मराठी करून घ्यावे लागत होते. आमच्यातल्या एकीने एक चरित्र सोडले, कारण चरित्रनायकाची एकही चूक पहिल्या शंभर पानांत आली नाही. एकाने केवळ टाइप बारीक म्हणून पुस्तक सोडले, आणि तेही कारण मला खरे व महत्त्वाचे वाटते, कारण आमच्यापैकी आठ जण साठीच्या पुढचे आहेत. सोडलेल्या पुस्तकाचे नाव छापावे की नाही हे आपण ठरवावे. कारण मात्र छापावे, प्रकाशकांनाही त्याचा उपयोग होईल.

पुढच्या वाचनाच्या संकल्पाबाबत आमचा अनुभव असा की संकल्प एकाच पुस्तकाचा असेल तरच तो पार पडतो. पहिल्या वर्षी ‘पुढे’च्या रकान्यात प्रत्येकाने चार-चार नावे घातली होती. वर्षाअखेरीस मी ती मोजली तेव्हा निम्म्याहून अधिक पुस्तकांना कोणी हातही लावलेला नव्हता. तेव्हापासून एका वेळी एकच नाव लिहायचे आणि ते का, हे एका वाक्यात सांगायचे, असा प्रघात पडला. शिवाय आम्ही पुस्तकभिशी चालवतो. दरमहा प्रत्येकी शंभर रुपये जमतात आणि ज्याची पाळी असेल त्याच्या ‘पुढे’च्या रकान्यातले पुस्तक त्यातून मागवले जाते. वाचून झाले की ते मंडळात फिरते. पैसे सगळ्यांचे असल्यामुळे नाव लिहिताना माणूस विचार करतो.

इथे थोडे मागे जाते, कारण या गावात ही कल्पना नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळाले नाही तर शिक्षण विसरले जाईल हे ओळखून १९१० पासून ग्रंथालयांचे काम हाती घेतले. त्यासाठी विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावले. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या जात. गावाला स्वतःचे ग्रंथालय काढायचे असेल तर गावाने काही रक्कम उभी करायची आणि मग तेवढाच वाटा प्रांत पंचायतीने व तेवढाच सरकारने घालायचा, अशी योजना होती. म्हणजे आधी वाचणाऱ्यांनी आपल्याला काय हवे ते ठरवून वर्गणी काढायची. आमच्या शंभर रुपयांच्या भिशीची तुलना त्या कार्याशी करण्याचे धाडस मी करणार नाही, परंतु वाचकाच्या मागणीला पैशाची आणि नेमकेपणाची जोड हवी, ही समज आम्हाला याच गावाने दिली आहे असे मी मानते.

आमच्या भागातल्या एका वाचनालयात मागणीची वही आहे. तिच्यात पूर्वी ‘नवीन मराठी पुस्तके आणावीत’ अशा नोंदी असत आणि त्यावर काहीही होत नसे. गेल्या दोन वर्षांत आम्ही आमच्या ‘पुढे’ रकान्यातली नावे लेखक, प्रकाशक आणि आवृत्तीसह तिच्यात लिहू लागलो, आणि ती पुस्तके एकेक करून येऊ लागली आहेत. आपल्या पुरवणीत संकल्प नेमके छापले गेले तर ठिकठिकाणच्या ग्रंथपालांना खरेदीसाठी तयार यादी मिळेल, हा त्यातला आणखी एक लाभ.

बडोद्याच्या वाचकाची आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगण्यासारखी आहे. आमच्या रकान्यांत मराठीच्या जोडीने गुजराती पुस्तके असतात आणि ती आम्ही गुजरातीतच वाचतो. सध्या एकाच्या हातात काका कालेलकरांचा ‘हिमालयनो प्रवास’ आहे. साताऱ्यात जन्मलेला हा मराठी माणूस इथल्या गंगनाथ विद्यालयात शिकवीत होता, ते बंद पडल्यावर १९१२ साली हिमालयाकडे पायी गेला, आणि प्रवासाची हकीकत त्याने पुढे गुजरातीत लिहिली. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले होते. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या सुनेच्या ‘पुढे’ रकान्यात पन्नालाल पटेलांची ‘मानवीनी भवाई’ आहे. संवत १९५६ च्या दुष्काळावरची ही कादंबरी ती आम्हाला वाचून दाखवणार आहे, कारण त्यातली बोली आमच्या जिभेवर नीट बसत नाही आणि तिच्या बसते. महाराष्ट्रातल्या वाचकांच्या पत्रांत शेजारच्या भाषेतले, मूळ भाषेत वाचलेले पुस्तक क्वचित दिसते, आणि ते दिसावे असे मला वाटते.

तेव्हा विनंती अशी. या पत्रांसाठी निवेदन छापताना वाचकाने एकाच पुस्तकाविषयी लिहावे, आपण कोणत्या पानावर किंवा प्रकरणावर आहोत ते सांगावे, प्रत कोणती व कुठून मिळाली ते सांगावे, आणि पुढचे एकच पुस्तक कारणासह कळवावे, असे आपण सुचवावे. सोडलेल्या पुस्तकांनाही जागा द्यावी. ज्याने संकल्प कळवला त्याला तीन महिन्यांनी पुन्हा लिहिण्याचे आमंत्रण द्यावे आणि ते दुसरे पत्र पहिल्याच्या शेजारी छापावे. जागा अधिक लागेल हे मला समजते. त्यासाठी दर रविवारी चारऐवजी दोनच पत्रे आली तरी माझ्यासारख्यांची हरकत असणार नाही.

माझी स्वतःची नोंद या नियमाने पाठवीत आहे. हातात आहे गोविंद सखाराम सरदेसाई यांची ‘मराठी रियासत’, वाचनालयाची जुनी प्रत, कसरीने कोपरे खाल्लेली. सरदेसाई १८८९ साली बडोदे सरकारच्या नोकरीत आले ते महाराजांना ग्रंथ वाचून दाखवण्यासाठी, आणि इतरांसाठी वाचता वाचता त्यांनी हा इतिहास उभा केला, या गोष्टीमुळे मी ती घेतली. पानिपतच्या प्रकरणात आहे. गोविंदपंत बुंदेले मारले गेले आहेत, रसद तुटली आहे, छावणीत दाणावैरण संपत आली आहे. १४ जानेवारी १७६१ ला काय होणार ते मला शाळेपासून माहीत आहे, तरी पत्रांमागून पत्रे उलगडत जाताना मी दोनदा नकाशा काढून पाहिला की अजून कुठून तरी वाट निघेल का. वाक्ये लांब आहेत, तारखा फार आहेत, आणि दिवसाला सहा पानांच्या पुढे मला जाता येत नाही. रविवारी मी तेवढीही वाचत नाही, कारण डोळे थकतात. पुढचे पुस्तक ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, कारण भिशीतल्या प्रतीसाठी माझा नंबर सहावा होता आणि तो आता आला आहे. तीन महिन्यांनी यातले किती झाले ते कळवीन.

कळावे,
आपल्या दैनिकाची एक नियमित वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा